फेरी संपल्यावरचा कडू ग्लास: मुंबईच्या बागांबाहेरच्या हर्बल ज्यूस स्टॉलचं परीक्षण

सकाळी सहाच्या सुमाराला शिवाजी पार्कचा कट्टा, माटुंग्याचं फाइव्ह गार्डन, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचं फाटक, मरीन ड्राइव्ह, कुठेही जा, फेरी मारून येणाऱ्यांच्या वाटेवर ज्यूसचं टेबल मांडलेलं असतं. तोटी लावलेले स्टीलचे डबे, बाजूला दुधी, कारली, बीट, आवळे, गव्हांकुरांचे ट्रे आणि मागे लॅमिनेट केलेली पाटी. पाटीवर एका बाजूला रसाचं नाव, दुसऱ्या बाजूला आजाराचं. कारलं म्हणजे मधुमेह, दुधी म्हणजे हार्ट ब्लॉकेज, बीट म्हणजे रक्तवाढ, गव्हांकुर म्हणजे कॅन्सर, गुळवेल म्हणजे प्रतिकारशक्ती, कडुनिंब म्हणजे रक्तशुद्धी, कोरफड म्हणजे पोट साफ, लिंबू-मध म्हणजे चरबी. शंभर ते दोनशे मिलीचा ग्लास, तीस-चाळीस रुपयांपासून पुढे.

हे परीक्षण कुठल्या एका स्टॉलचं नाही, कारण टेबलं वेगळी असली तरी पाटी बहुतेक ठिकाणी तीच असते. निकाल आधीच सांगते. ताजी भाजी समोर धुऊन, समोर कापून, बर्फ न घालता काढलेला रस एक पेय म्हणून यातले बरेच ग्लास चांगले आहेत. औषध म्हणून मात्र एकही ग्लास पाटीवरच्या शब्दाला जागत नाही. आणि दुधी, कारलं, गुळवेल हे तीन ग्लास असे आहेत, की चुकीच्या माणसाने किंवा चुकीच्या पद्धतीने घेतले तर दवाखाना गाठावा लागतो.

विक्रेत्यावर खापर फोडण्यात अर्थ नाही. पाटी त्याने रचलेली नाही. आपल्याच घराघरांत चालत आलेल्या समजुती त्याने छापून घेतल्या आहेत. तरी नियम माहीत असावा: अन्नपदार्थ विकताना तो रोग टाळतो किंवा बरा करतो असं सांगायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांविषयीच्या नियमांत मनाई आहे. मधुमेह, कॅन्सर, हृदयविकार बरे करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना तर १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानेच बंदी आहे.

दुधी: सगळ्यात गरीब दिसणारा, सगळ्यात जास्त जपायचा ग्लास

दावा असा, की दुधीचा रस हृदयाच्या रक्तवाहिन्यांतलं ब्लॉकेज विरघळवतो. यामागची समजूत अशी, की ब्लॉकेज म्हणजे नळात साचलेला गाळ, आतून धुतला की निघून जाणारा. प्रत्यक्षात हा थर रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आत वाढतो. त्यात कोलेस्टेरॉल असतं, पेशी असतात, तंतू असतात, पुढे कॅल्शियमही जमतं. वर अस्तर असतं. प्यायलेला रस पोटात आणि आतड्यात पचतो. त्यातलं काहीही त्या भिंतीपर्यंत जाऊन थर सोडवत नाही. दुधीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. हलकी, पचायला सोपी भाजी हा तिचा खरा गुण. ब्लॉकेजवर चालतात त्या गोष्टी वेगळ्या: कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी, ताब्यात ठेवलेला रक्तदाब आणि साखर, तंबाखू पूर्ण बंद, आणि गरज असेल तिथे अँजिओप्लास्टी किंवा बायपास. चालताना छातीवर दडपण येत असेल, ते थांबल्यावर कमी होत असेल, तर त्या दिवशी रस नको, ईसीजी हवा.

आता धोक्याचं. दुधी, काकडी, दोडकं, भोपळा या वेलींच्या कुळात कुकर्बिटासिन नावाची अतिशय कडू द्रव्यं असतात. किडीपासून वाचण्यासाठी वेल ती बनवतो. खायच्या दुधीत ती नगण्य असतात, पण बियाण्यात गडबड झाली, वेलाला पाण्याचा किंवा उष्णतेचा ताण बसला, की एखाद्या फळात ती फार वाढतात. बाहेरून ओळखू येत नाही. फळ ताजं, कोवळं, हिरवंगार असू शकतं. शिजवूनही हे द्रव्य जात नाही.

मग भाजी खाऊन फारसं कुणाला काही होत नाही आणि रसाने होतं, असं का? भाजीचा पहिला घास कडू लागला की आपण ताट बाजूला सारतो. पोटात जातो तो एक तुकडा. रसात पाव किलोहून जास्त दुधी एका ग्लासात उतरते, ती घटाघट प्यायली जाते, आणि कडू लागली तरी माणूस थांबत नाही, कारण ‘कडू म्हणजे गुणकारी’ हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. कडू चव हा शरीराने दिलेला इशारा आहे आणि या एका समजुतीने आपण तोच बंद करून टाकतो.

२०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा रस प्यायल्यावर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या प्रकारच्या घटना तपासल्या; तिचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१८ मध्ये पुण्यातही एका महिलेचा दुधीच्या रसानंतर मृत्यू झाला. समितीच्या सूचना अगदी साध्या आहेत. रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखा. कडू असेल तर पूर्ण फळ फेका. कडू रस अजिबात पिऊ नका. दुधीचा रस दुसऱ्या कुठल्याही रसात मिसळू नका. प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब, अस्वस्थपणा वाटला तर लगेच रुग्णालयात जा.

बागेबाहेरच्या टेबलावर नेमकी चौथी सूचना रोज मोडली जाते. ‘मिक्स’ नावाचा ग्लास असतो, त्यात दुधी, कारलं, आवळा, पुदिना, वर काळं मीठ आणि लिंबू. कारल्याच्या कडवटपणात दुधीचा कडवटपणा लपतो, लिंबाने आणखी झाकतो, आणि इशारा द्यायला जीभ उरतच नाही. डब्यात आधीच भरून आणलेल्या रसातही हीच अडचण: दहा दुधींचा रस एकत्र असतो आणि त्यातली प्रत्येक चाखली होती का, हे विचारायची सोय नसते.

म्हणून दुधीचा रस घ्यायचाच असेल तर रीत अशी. आख्खी दुधी समोर कापायला सांगा. देठाकडचा, मधला आणि टोकाचा असे तीन पातळ काप मागा, चावून पाहा आणि थुंका. तिन्ही गोडसर किंवा बेचव लागले तरच पुढे. रस निव्वळ दुधीचा, १०० मिली पुरे. पहिला घोट तोंडात धरा. जरासा कडू लागला तरी ग्लास तिथेच ठेवा, पैसे गेले तर जाऊ द्या. त्रास झालाच तर तो काही मिनिटांत ते काही तासांत सुरू होतो: पोटात मुरडा, उलट्या, जुलाब, गंभीर असेल तर उलटीत रक्त आणि रक्तदाब एकदम खाली. यावर उतारा औषध नाही. सलाईन लावून रक्तदाब सांभाळणं, पोटाच्या अस्तराला जपणारी औषधं, लक्ष ठेवणं, हाच उपचार आहे आणि तो घरी होत नाही. दूध पाजून किंवा बोटं घालून उलटी काढून वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि ‘दुधीचा रस प्यायलाय, किती वाजता, किती’ एवढं आधी सांगा. तिथल्या डॉक्टरांना साध्या फूड पॉयझनिंगपेक्षा वेगळा विचार करायला त्याने मदत होते.

कारलं: साखर उतरते का?

‘कडू खाल्लं की रक्तातलं गोड कमी होतं’ ही समजूत चवीवर आधारलेली आहे, शरीरावर नाही. रक्तातली साखर इन्सुलिन, यकृत, स्नायू आणि जेवणातल्या पिष्टमय पदार्थांवर ठरते. भात गोड लागत नाही, तरी साखर वाढवतो. मेथी कडू आहे म्हणून तिचा उपयोग होतो असंही नाही; तिच्यातल्या चोथ्यामुळे साखर हळू शोषली जाते.

कारल्याला अगदीच निरर्थक मात्र म्हणता येत नाही. त्यात साखर कमी करू शकतील अशी काही द्रव्यं सापडली आहेत आणि छोट्या अभ्यासांत थोडाफार परिणाम दिसलाही आहे. पण २०१२ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने उपलब्ध चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा टाइप २ मधुमेहासाठी कारल्याची शिफारस करण्याइतका पुरावा मिळाला नाही. रोजच्या ग्लासात किती द्रव्य उतरतं हेही ठरलेलं नसतं. जात वेगळी, कोवळेपणा वेगळा, बिया काढल्या की नाही हे वेगळं, पाणी किती घातलं हेही वेगळं. गोळीत ठरलेले मिलिग्रॅम असतात. कारल्यात तसं काही नाही.

बिघडतं ते दोन टोकांना. एक टोक म्हणजे कारलं सुरू केलं म्हणून गोळी बंद. साखर वाढली तरी पहिले काही महिने दुखत-खुपत काही नाही, आणि डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, पायांच्या नसा आतून बिघडत राहतात. दुसरं टोक सकाळच्या बागेतलं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड यांसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतलेलं, पोट रिकामं, चाळीस मिनिटं भराभर चालणं, आणि वर कारल्याचा ग्लास. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलण्यात गोंधळ होतो. चालून आलेल्या माणसाचा घाम कुणाला खटकत नाही, म्हणून हे ओळखायला उशीर होतो. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर पाहा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच द्या, आणि बरं वाटल्यावर पोळी किंवा दोन-चार बिस्किटं खायला घाला. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालय. मधुमेहासाठी फक्त मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांना हा धोका फार कमी असतो.

‘मला तर फरक पडतो’ असं वाटत असेल तर मोजून पाहावं. गोळी, जेवण आणि चालणं तसंच ठेवून दोन आठवडे ग्लासासह आणि दोन आठवडे ग्लासाशिवाय, रोज एकाच वेळी उपाशीपोटीची साखर वहीत लिहा. एका दिवसाचा आकडा काही सांगत नाही. झोप कमी झाली, रात्री उशिरा जेवलं, तरी तो हलतो. तीन महिन्यांचं चित्र हवं तर एचबीए१सी ही रक्ततपासणी. गरोदरपणात कारल्याचा रस टाळा. जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असणाऱ्यांनीही टाळा. त्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात.

लाल ग्लास, हिरवा ग्लास आणि रक्त

बीट लाल आहे म्हणून रक्त वाढवतं, या समजुतीला रंगापलीकडे आधार नाही. तो रंग बेटानिनचा. त्याचा हिमोग्लोबिनशी संबंध नाही. शंभर ग्रॅम कच्च्या बीटात लोह सुमारे ०.८ मिलिग्रॅम. ग्लासात तीनशे ग्रॅम बीट गेलं असं धरलं तरी अडीच मिलिग्रॅमच्या आत, आणि भाजीतल्या लोहाचा थोडाच भाग अंगी लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह जेवणातून मिळायला हवं. हिशेब जुळत नाही. ज्यांचं हिमोग्लोबिन खरोखर कमी आहे (स्त्रियांत १२ च्या खाली, पुरुषांत १३ च्या खाली) त्यांनी कारण शोधायला हवं: पाळीत जाणारं जास्त रक्त, मूळव्याध, जंत, बी१२ ची कमतरता, थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं वाहकपण. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी१२ या तपासण्यांतून बरंचसं कळतं. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि चहा त्याच्या आगेमागे तासभर तरी लांब ठेवा. चहातलं टॅनिन लोह अडवतं. सकाळी गोळी आणि चहा एकत्र घेणाऱ्यांचं हिमोग्लोबिन हलत नाही, याचं हे एक मोठं कारण.

बीटाचा एक खरा गुण पाटीवर सहसा नसतो. त्यातल्या नायट्रेटमुळे रक्तवाहिन्या थोड्या सैल होतात आणि काही अभ्यासांत वरचा रक्तदाब काही अंकांनी उतरलेला दिसला आहे. गोळी बंद करण्याइतका नाही, पण खोटाही नाही. दुसऱ्या दिवशी लघवी किंवा शौच लाल झालं तर घाबरू नका, काहींना असं होतं. बीट न खाताही लाल दिसलं तर मात्र तपासणी करा. ऑक्झलेटचे मुतखडे होणाऱ्यांनी बीट, पालक आणि आवळ्याचे रोजचे ग्लास टाळावेत.

गव्हांकुरांच्या रसाला ‘हिरवं रक्त’ म्हणतात. आधार असा दिला जातो, की क्लोरोफिल आणि हिमोग्लोबिनमधलं हीम यांची रचना सारखी आहे. सारखी आहे हे खरं, कड्याची ठेवण मिळतीजुळती आहे. पण क्लोरोफिलच्या मधोमध मॅग्नेशियम असतं, हीमच्या मधोमध लोह, आणि आपल्या शरीरात एकाचं दुसऱ्यात रूपांतर करणारी कुठलीही यंत्रणा नाही. २००४ मध्ये चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरांनी थॅलेसेमियाच्या मोजक्या रुग्णांवर प्राथमिक अभ्यास केला होता, त्यात काहींना रक्त कमी वेळा चढवावं लागलं. पुढे हा उपचार म्हणून सिद्ध झाला नाही. कॅन्सर बरा होतो याला तर पुरावाच नाही. केमोथेरपीसाठी परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या माणसाला प्रेमापोटी हा ग्लास आणून देणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे, की देऊ नका. केमोमध्ये पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात. ट्रेमध्ये दमट हवेत वाढवलेल्या, मुळांशी बुरशी धरणाऱ्या गवताचा कच्चा रस अशा शरीराला झेपेल याची खात्री नसते. निरोगी माणसाला ३० मिलीचा ग्लास चालेल. ट्रेमध्ये मुळांपाशी पांढरी कापसासारखी बुरशी दिसली तर तोही नको.

गुळवेल: मुंबईतच लागलेला धोक्याचा कंदील

कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघरी गेला. बागेबाहेरच्या टेबलावरही तो थर्मासमधून मिळतो. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आढळले, ज्यांनी गुळवेल घेतली होती. २०२१ मध्ये त्यांनी हे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारखीच दिसणारी तिच्या कुळातली दुसरी वेल वापरली गेली असावी, असं म्हटलं. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून आणखी रुग्णांची नोंद मांडली.

या वादात कोण बरोबर हे ठरवण्याआधीसुद्धा ग्राहकासाठी दोन गोष्टी पक्क्या आहेत. थर्मासमधला काढा नेमका कुठल्या वेलीचा आहे, हे पाहून सांगता येत नाही. आणि ज्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते, अशा आजारांची प्रवृत्ती असणाऱ्यांत (थायरॉइडचे काही प्रकार, संधिवात, ल्युपस, ऑटोइम्यून हिपॅटायटिस) यकृताची सूज चेतवली जाण्याची शंका या अभ्यासांतूनच पुढे आली. प्रतिकारशक्ती हा रेडिओचा आवाज नव्हे की बटण फिरवून वाढवावा. सर्दीची शिंका, दमा, संधिवाताची सूज, हे सगळं प्रतिकारशक्तीचंच काम आहे. ती हवी तेवढी आणि हवी तिथेच चालावी लागते. तिला खरोखर तयार करणारी गोष्ट म्हणजे लस. घेतलाच असेल काढा आणि थकवा, भूक मरणं, अंगाला खाज, गडद लघवी, डोळे पिवळे असं काही दिसलं, तर काढा बंद करून त्याच आठवड्यात बिलिरुबिन आणि एसजीपीटी या यकृताच्या रक्ततपासण्या करा. डॉक्टरांना काढ्याचं नाव सांगायला लाजू नका. ‘ते आयुर्वेदिक आहे, त्याचं काय सांगायचं’ म्हणून ही माहिती दडते आणि निदान लांबतं.

पाटीवरचं बाकीचं

कडुनिंबाने रक्तशुद्धी होते, म्हणजे रक्त आधी अशुद्ध होतं असं गृहीत धरलेलं आहे. निरोगी मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. रक्तातला द्रवभाग तीनेक लिटर, म्हणजे तोच द्रव दिवसात साठेक वेळा गाळून निघतो. यकृताचं काम वेगळंच. मुरमं रक्तातल्या घाणीने येत नाहीत. त्वचेतल्या तेलग्रंथी, संप्रेरकं आणि बंद झालेली छिद्रं यांमुळे येतात. पाडव्याला कडुनिंबाचा पाला खाण्याची रीत छान आहे, चार पानं. रोजचा ग्लास नको.

कोरफडीच्या सालीखाली पिवळा चीक असतो, त्यात अॅलोइन. ते आतड्याला डिवचतं, म्हणून ‘पोट साफ’ होतं. रोज घेतलं तर पोटात कळा, जुलाब, शरीरातलं पोटॅशियम कमी. घ्यायचीच तर साल पूर्ण काढून, चीक निथळू देऊन, गर दोन-तीनदा धुऊन, कडवटपणा गेल्यावर. मुळात आतड्याला जुना मळ चिकटून बसतो हेच खरं नाही. आतड्याचं अस्तर काही दिवसांत नवं होत असतं. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही सामान्य आहे.

लिंबू, मध, कोमट पाणी. एक मोठा चमचा मध म्हणजे साठेक कॅलरी. कोमट पाण्याने तूप वितळतं, शरीरातली चरबी नाही. शरीर आतून आधीच ३७ अंशांवर असतं. चरबी घामातूनही जात नाही. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापलेल्या हिशेबानुसार दहा किलो चरबी जळली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते आणि १.६ किलो पाणी होऊन. म्हणजे काम झालंय ते बागेच्या फेऱ्यांचं.

आवळा चांगला. दिवसाचं क जीवनसत्त्व भागवायला एखाद-दुसरा आवळा पुरतो, जास्तीचं लघवीवाटे जातं. सर्दी त्याने टळत नाही. पालकाचा रस वॉरफरिन किंवा अॅसिट्रोम घेणाऱ्यांनी अचानक सुरू करू नये आणि अचानक बंदही करू नये. त्यातलं के जीवनसत्त्व रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीच्या विरुद्ध काम करतं.

टेबलामागचं काम: इथे स्टॉल जिंकतो किंवा हरतो

पाटीपेक्षा बादली बघा. भाजी एकाच बादलीतल्या पाण्यात सकाळभर बुचकळली जात असेल तर शेवटच्या गिऱ्हाइकाला आधीच्या सगळ्यांच्या भाजीचं पाणी मिळतं. वाहत्या पाण्याचा कॅन आणि तोटी असेल तर तो स्टॉल निवडा. रस फडक्यातून पिळत असतील तर नको, स्टीलची गाळणी हवी. ओल्या फडक्यात जंतू फार झपाट्याने वाढतात. पहाटे भरून आणलेला रस ताज्यापेक्षा वाईटच. कापलेला, पिळलेला रस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि मे महिन्यातल्या ३२ अंशांपुढच्या हवेत तासभरही पुष्कळ झाला. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक टेबलावर असायला हवा. बर्फ नको. खाण्याचा नसलेला बर्फ निळा असावा असा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, पण वितळून ग्लासात गेलेल्या तुकड्याचा रंग कुणाला दिसतो? घरचा स्टीलचा ग्लास सोबत न्यावा.

कोल्ड प्रेसचा, म्हणजे न तापवता दाबून काढलेला, रस महाग असतो, ‘एन्झाइम जिवंत राहतात’ म्हणून. भाजीतली एन्झाइम ही प्रथिनं आहेत. पोटातलं आम्ल त्यांना पचवून टाकतं, जिवंत ठेवून उपयोग नाही. मिक्सरचा न गाळलेला रस उलट बरा, चोथा ग्लासात राहतो. फळांच्या गाळलेल्या रसातली साखर जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेच्याच खात्यात धरते. दोनशे मिली संत्र्याच्या रसात ती वीसेक ग्रॅम भरते.

उसाच्या रसाचा उल्लेख वेगळा करायला हवा, कारण कावीळ झाली की तो हमखास सुचवला जातो. त्याने यकृत बरं होत नाही. ग्लुकोज मिळतं एवढंच. आणि मुंबईत पावसाळ्यात कावीळ पसरते ती बहुतेक दूषित पाण्यातून, हिपॅटायटिस ए आणि ई. हाच रस, त्यातला बर्फ, ते चरकाजवळचं पाणी हे त्याचे सोपे मार्ग. विषाणू शरीरात गेल्यापासून लक्षणं दिसायला दोन ते सहा-सात आठवडे लागतात, त्यामुळे महिन्यापूर्वीच्या ग्लासाचा संशय कुणाला येत नाही. हिपॅटायटिस ए बहुधा आपोआप काही आठवड्यांत उतरतो, म्हणून श्रेय गळ्यात घातलेल्या काविळीच्या माळेला आणि पथ्याला मिळतं. हळद, तेल पूर्ण तोडायची गरज नसते. साधं घरचं जेवण द्या. गुंगी, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून रक्त दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय. गरोदर स्त्रीला कावीळ झाली तर डोळे पिवळे दिसल्याच्या पहिल्याच दिवशी, कारण शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई जिवावर बेततो.

या टेबलांच्या आसपास हमखास उभ्या असणाऱ्या शहाळेवाल्याकडचं पेय मला यातलं सगळ्यात प्रामाणिक वाटतं. कवच बंद असतं, मिसळायला काही नसतं, साखर फळांच्या रसापेक्षा बरीच कमी. एकच गट सावध राहावा: मूत्रपिंडाचा आजार असणारे, आणि टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन या रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या घेणारे, विशेषतः क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर. एका शहाळ्यात पाचशे मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त पोटॅशियम असतं आणि ते बाहेर टाकता आलं नाही तर हृदयाची लय बिघडते. त्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावं. बाकीच्यांनी शहाळं समोर फोडून घ्यावं, कोयता पुसलेला आहे ना ते पाहावं, स्ट्रॉ न घालता स्वतःच्या ग्लासात ओतावं आणि मलई कापून मागावी.